क्रिटा: दोन गावांत बसून एक पात्र घडवताना

आमच्या वेबकॉमिकमधली गोदाक्का आज जशी दिसते तशी दिसू लागेपर्यंत सतरा फायली झाल्या. मी चित्रे काढते आणि पुण्यात राहते. गोष्ट लिहिणारा माझा सहकारी सांगलीजवळच्या एका गावात राहतो, दिवसा नोकरी करतो आणि रात्री जेवणखाण आटोपल्यावर संवाद लिहितो. त्याला सरळ रेघ ओढता येत नाही, पण माझ्या चित्रात काय चुकले आहे ते त्याला माझ्या आधी दिसते. अडचण अशी की जे दिसले ते तो शब्दांत सांगतो, आणि ते शब्द मला रेषांमध्ये उतरवावे लागतात. या वाटेत बरेच काही सांडते. गेले दीड वर्ष आम्ही या कामासाठी क्रिटा हे चित्रकलेचे मोफत सॉफ्टवेअर वापरत आहोत. त्याच्यावर जे लिहिले जाते ते बहुतेक ब्रशांची संख्या आणि 'फुकट असूनही किती चांगले' या कौतुकापाशी थांबते. मी ते एकाच प्रश्नापुरते तपासले आहे: दोन माणसे दोन ठिकाणी बसून एका पात्राचे रूप घासूनपुसून नक्की करत असतील, तर हे सॉफ्टवेअर त्यांच्या कितपत उपयोगी पडते?

आधी थोडक्यात ओळख. केडीई या मुक्त सॉफ्टवेअरच्या प्रकल्पात १९९९ साली क्रिटाचे काम सुरू झाले आणि सर्वांसाठी पहिली आवृत्ती २००५ साली आली. नाव स्वीडिश भाषेतले आहे. तिथे या शब्दाचा अर्थ खडू असा होतो. विंडोज, मॅक आणि लिनक्स या तिन्हींवर ते चालते, आणि त्याचा परवाना जीपीएल या मुक्त प्रकारचा असल्यामुळे त्याची मूळ संहिताही कोणाला पाहायची असेल तर खुली आहे. फोटो सुधारण्याचे साधन म्हणून त्याच्याकडे जाणाऱ्याची निराशा होईल, कारण ते मुळात हाताने चित्र काढणाऱ्यांसाठी बांधलेले आहे. माझे सगळे म्हणणे ५.२ या आवृत्तीबद्दल आहे, जी २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये आली. माझ्याकडे पडदा नसलेला साधा पेन टॅब्लेट (लॅपटॉपला जोडून पेनाने चित्र काढायची पाटी) आणि ८ जीबी रॅमचा लॅपटॉप आहे. सहकाऱ्याकडे त्याहून जुना लॅपटॉप आणि माउस.

आम्ही सुरुवात केली तेव्हा मी चित्राची पीएनजी फाइल फोनवर पाठवत असे आणि तो उत्तरादाखल चार मिनिटांचा आवाजी निरोप पाठवत असे. त्यात 'ते डावीकडचं जे आहे ना, ते जरा खाली घे, पण तेवढंही नको' अशी वाक्ये असत. चित्रातला कोणता भाग कोणत्या लेयरवर, म्हणजे एकावर एक ठेवलेल्या पारदर्शक कागदांसारख्या कोणत्या थरावर आहे, काय सहज हलवता येईल आणि काय पुन्हा पहिल्यापासून काढावे लागेल, याची त्याला कल्पना नव्हती. त्यामुळे तो कधी अगदी क्षुल्लक गोष्टही भीत भीत सांगे, तर कधी दोन दिवसांचे काम सहज जाता जाता मागे. शेवटी मी त्याला म्हटले, 'तूच क्रिटा घालून घे आणि फाइल उघड.' हे मी म्हणू शकले याचे कारण सरळ आहे: त्याला त्यासाठी एक पैसाही द्यावा लागणार नव्हता. चित्र न काढणाऱ्या माणसाला चित्रकलेच्या महागड्या सॉफ्टवेअरचा दुसरा परवाना घ्यायला लावणे मला कधी जमले नसते. क्रिटा मोफत असण्याचा माझ्या दृष्टीने खरा फायदा हा आहे. माझे पैसे वाचले ही त्यापुढे फारच लहान गोष्ट.

फाइल त्याच्या हातात गेल्यावर पहिल्याच रात्री कामाची रीत बदलली. लेयरची नावे मराठीत लिहिता येतात, म्हणून मी 'पदर', 'निऱ्या', 'चोळी', 'गोंदण', 'हात-डावा', 'हात-उजवा' अशी नावे दिली होती. प्रत्येक लेयरसमोर डोळ्याचे चिन्ह असते. ते दाबले की तो लेयर दिसेनासा होतो. त्याने एकेक डोळा बंद करत चित्र उलगडून पाहिले, गोदाक्काच्या नाकातली नथ झाकली आणि मला फोन केला. 'नथ काय रोज घालतात का, अगं? लग्नाला निघालीय का ती?' मग त्याने सर्वांत वर एक नवा लेयर घातला, त्याला 'माझं म्हणणं' असे नाव दिले आणि माउसने, थरथरत्या लाल रेषेत, कपाळावरच्या कुंकवावर फुली मारली. गोदाक्का विधवा आहे. त्या पिढीतल्या शेतकरी बाईच्या कपाळावर कुंकू नसले तरी लहानपणी टोचलेले हिरवे गोंदण राहते, हे त्याच्या डोक्यात इतके गृहीत होते की लिहून दिलेल्या वर्णनात त्याने त्याचा उल्लेखही केला नव्हता. क्रिटामध्ये लेयरला रंगीत खूण लावता येते आणि त्या खुणेनुसार लेयर गाळूनही पाहता येतात. तेव्हापासून लाल खुणेचे लेयर त्याचे आहेत आणि मी त्यांना हात लावत नाही. त्याचा आक्षेप निकालात निघाला की तो लेयर तोच पुसतो.

लुगड्याचे प्रकरण जरा सविस्तर सांगते, कारण या सॉफ्टवेअरची परीक्षा तिथेच झाली. मी नऊवारी काढली ती नृत्याचे फोटो समोर ठेवून. पायांना घट्ट बसलेला काष्टा, चापूनचोपून घातलेल्या निऱ्या, अंगाबरोबर गेलेला पदर. चित्र दिसायला देखणे होते. सहकाऱ्याचे मत एका ओळीचे आले: 'ही फडावरची बाई आहे, रानातली नाही.' रानात राबणाऱ्या बाईचे लुगडे पोटरीपर्यंतच असते, काष्टा सैल असतो म्हणून तिला उकिडवे बसता येते, आणि पोटापाशी ओच्याचा फुगवटा असतो. त्यात तिसऱ्या भागात गोदाक्का कनवटीची घडी केलेली नोट काढून नातवाला देते. ज्या चित्रात कनवट कुठे असेल हेच कळत नाही, त्यातून नोट काढायची कुठून? म्हणजे लुगड्याचा प्रश्न गोष्टीपर्यंत जाऊन भिडत होता.

सहकाऱ्याने घरच्यांना विचारून आपल्या आजीचा एक जुना फोटो पाठवला. क्रिटामध्ये संदर्भचित्रांसाठी वेगळे साधन आहे, २०१८ च्या ४.१ आवृत्तीत आलेले. त्याने फोटो कॅनव्हासवर किंवा कॅनव्हासच्या बाहेरच्या मोकळ्या जागेत टाचून ठेवता येतो, लहानमोठा करता येतो, त्याची पारदर्शकता आणि रंगांची तीव्रता कमीजास्त करता येते, आणि तो फाइलबरोबरच जतन होतो. अंतिम चित्र बाहेर काढताना मात्र तो त्यात येत नाही. मी फोटोतले रंग पूर्ण उतरवले, कारण कापडाचा रंग दिसला की डोळा घडीकडे नीट पाहत नाही. करड्या फोटोत मग दिसले की पदराचा भार डाव्या खांद्यावरून पाठीकडे जातो, तिथून डोक्यावर येतो आणि त्यामुळे बाईची मान आपोआप किंचित पुढे येते. गोदाक्काची चाल मला त्या मानेत सापडली. फोटो फाइलमध्येच असल्यामुळे सहकाऱ्यालाही कळत होते की मी कशावरून काय काढते आहे, आणि त्याने फोटोवरच बाण काढून काष्टा मागे कुठे खोचला आहे ते दाखवले.

पात्र ठरवताना समोरून, बाजूने, पाऊण कोनातून आणि पाठमोरे असे चार देखावे एका ओळीत काढायचे असतात. धंद्यात याला टर्नअराउंड म्हणतात. नऊवारीचा पाठमोरा देखावा कोणालाही घाम फोडेल. डोळे, हनुवटी, ओचा, गुडघा या सगळ्यांची उंची चारही देखाव्यांत एक यावी म्हणून मी आडव्या मार्गदर्शक रेषा घालून घेतल्या. त्या कोणत्याही सॉफ्टवेअरमध्ये असतात. क्रिटाचे मला आवडलेले वैशिष्ट्य इथे दुसरेच आहे: 'एम' ही कळ दाबली की संपूर्ण देखावा आरशातल्यासारखा उलटतो. मूळ चित्र जागच्या जागी राहते, फक्त पाहणे बदलते. आपणच काढलेला चेहरा उलटा पाहिला की एक डोळा वर गेलेला, जबडा एका बाजूला ओघळलेला, असे सगळे दोष भसकन समोर येतात. दर दहा मिनिटांनी ती कळ दाबायची सवय मला लागली आहे, आणि सहकारी फाइल उघडल्याबरोबर पहिले काम तेच करतो. त्याचा त्याला थोडा आसुरी आनंद होतो असा माझा संशय आहे.

छायाकृतीची तपासणीही याच टप्प्यावर केलेली बरी. पात्र नुसते काळे भरले तरी ओळखू आले पाहिजे, हा कॉमिकमधला जुना दंडक आहे. क्रिटामध्ये पात्राचे सगळे लेयर एका गटात ठेवून त्या गटात सर्वांत वर काळ्या रंगाचा एक लेयर घालायचा आणि त्याचे 'इनहेरिट अल्फा' हे बटण दाबायचे. काळा रंग मग खालच्या आकारापुरताच उरतो. तो लेयर चालू केला की छायाकृती, बंद केला की मूळ चित्र. पहिल्या लुगड्यातली गोदाक्का काळी केल्यावर कोणतीही बाई वाटत होती. ओच्याचा फुगवटा, डोक्यावरच्या पदराचे टोक आणि पुढे आलेली मान आल्यावर ती एकटीच तशी दिसू लागली. या कसोटीसाठी मला कोणाची समजूत घालावी लागली नाही, कारण सहकाऱ्याने आपल्या लॅपटॉपवर तो एक लेयर चालू-बंद करून स्वतःच पाहिले.

उंचीचा वाद मात्र लांबला. प्रौढ माणसाची उंची साधारण साडेसात डोकी, म्हणजे त्याच्या डोक्याच्या उंचीच्या साडेसात पट धरतात. व्यंगचित्राच्या वळणाच्या कॉमिकमध्ये ती मुद्दाम कमी करतात. मी गोदाक्का पाच डोक्यांची काढली होती आणि नातू साडेतीन डोक्यांचा. सहकाऱ्याला ती ठेंगणी हवी होती, 'पोराच्या कानाला हात पुरेल पण वाकावं लागू नये' इतपत. इथे ट्रान्सफॉर्म मास्क कामी आला. हा मास्क गटावर लावला की चित्र आकसते किंवा ताणले जाते, पण खालच्या मूळ रेषा तशाच राहतात आणि मास्क बंद करताच परत येतात. साडेचार आणि चार अशी दोन मापे मी दोन मास्कांवर ठेवली, त्याने नातवाला शेजारी ठेवून दोन्ही पाहिली आणि साडेचार डोक्यांवर तोडगा निघाला. नवख्यांसाठी एक सूचना: आकसलेल्या चित्राच्या रेषांची जाडी बदलते, म्हणून माप ठरल्यावर शाईचे काम, म्हणजे पक्क्या रेषा काढण्याचे काम, पुन्हा करावे लागते. आकसलेलेच चित्र पुढे वापरणाऱ्याचे पात्र शेजारच्या पात्रापेक्षा बारीक पेनाने काढल्यासारखे दिसते.

पात्र पक्के करताना जे नाकारले ते सांभाळून ठेवणे फार गरजेचे असते. सातव्या फायलीत नको म्हटलेली चोळी बाराव्या फायलीत हवीशी वाटते. याची दोन साधने क्रिटात आहेत. पहिले अगदी साधे: 'कंट्रोल', 'ऑल्ट' आणि 'एस' या कळा एकत्र दाबल्या की फाइल पुढच्या क्रमांकाने नव्याने जतन होते आणि जुनी जागच्या जागी राहते. सुरुवातीला ज्या सतरा फायलींचा उल्लेख केला त्या अशाच झाल्या. दुसरे साधन 'कॉम्पोझिशन्स' नावाच्या पटलात आहे आणि त्याचा उल्लेख मी फारसा कुठे वाचलेला नाही, याचे मला आश्चर्य वाटते. कोणते लेयर दिसत आहेत आणि कोणते झाकले आहेत, ती संपूर्ण स्थिती हे पटल एका नावाखाली लक्षात ठेवते. आमच्या फायलीत 'रानातली', 'बाजारातली', 'पावसात-इरलं' आणि 'रागावलेली' अशा नोंदी आहेत. नावावर टिचकी मारली की गोदाक्का त्या अवतारात उभी राहते. सगळ्या अवतारांच्या प्रतिमा एका झटक्यात वेगवेगळ्या फायलींत काढून घेण्याची सोयही तिथेच आहे. फक्त नोंद केल्यावर एखादा नवा लेयर वाढवला, तर जुन्या नोंदी एकदा उघडून नव्याने जतन करून घ्याव्या, म्हणजे नको तिथे इरले दिसत नाही.

रंगांबद्दल आमचे भांडण भाषेवरून झाले. त्याने लिहिले होते, 'चिंतामणी रंगाचं इरकली लुगडं, लाल काठ.' मी चिंतामणी म्हणून जो निळा लावला तो त्याला मोरपंखी वाटला, आणि त्याने सुचवलेला मला वांगी वाटला. चिंतामणी, मोरपंखी, आमसुली, डाळिंबी, अबोली ही नावे घरोघरी थोडी वेगवेगळ्या छटांना चिकटलेली असतात, त्यामुळे या वादाला अंत नव्हता. क्रिटामध्ये रंगपेटी फाइलमध्येच साठवता येते आणि प्रत्येक रंगाला नाव देता येते. आम्ही फोनवर बोलत असतानाच मी एक छटा त्याच्या पसंतीने नक्की केली आणि तिच्यावर 'चिंतामणी' असे लिहून टाकले. आता आमच्या कॉमिकपुरता चिंतामणी तोच. गोंदणाचा हिरवा, उन्हातल्या कातडीचा तपकिरी आणि सावलीतला त्याच्याहून गडद तपकिरी हेही त्याच पेटीत नावानिशी आहेत, त्यामुळे चौदाव्या भागातला हात पहिल्या भागातल्या हातापेक्षा गोरा होत नाही. रंग भरण्यासाठी 'कलराइझ मास्क' आहे: प्रत्येक भागात रंगाचा एक फराटा मारायचा आणि रेषांच्या आधाराने बाकीचा भाग सॉफ्टवेअरने भरायचा. सपाट रंगांसाठी तो चांगला आहे. निऱ्यांसारख्या दाट रेषांच्या जागी मी हातानेच भरते, आणि त्यात वेळ वाचतो.

फोनच्या पडद्यावर पात्र कसे दिसेल हे आम्ही फार उशिरा पाहिले, ही चूक सर्वस्वी आमची. वेबटून या वेबकॉमिकच्या संकेतस्थळावर कोणालाही आपले कॉमिक टाकता येते अशा 'कॅनव्हास' विभागात एका प्रतिमेची मर्यादा ८०० बाय १२८० पिक्सेल आहे. मी २४०० पिक्सेल रुंदीवर काम करत होते. म्हणजे माझ्या पडद्यावर ६ पिक्सेलचा असलेला गोंदणाचा ठिपका वाचकापर्यंत २ पिक्सेलचा होऊन पोचणार. ज्या गोंदणासाठी दोन आठवडे घातले ते फोनवर दिसतच नव्हते! क्रिटामध्ये एकाच फायलीचे दुसरे दृश्य वेगळ्या खिडकीत उघडता येते. मी आता ते ३३ टक्क्यांवर ठेवून कडेला लावते आणि मोठ्या खिडकीत काढत असताना छोटीवर नजर ठेवते. गोंदण शेवटी एका ठशठशीत ठिपक्यावर आणि त्याखालच्या छोट्या रेघेवर आले. खऱ्या गोंदणापेक्षा ते मोठे आहे, पण दिसते.

भागांची पाने करताना पात्राचा नमुना सारखा समोर लागतो. त्यासाठी 'फाइल लेयर' नावाचा लेयर आहे, जो दुसऱ्या फायलीतले चित्र दाखवतो आणि ती मूळ फाइल बदलून जतन केली की आपणहून ताजा होतो. आमच्या प्रत्येक पानाच्या कडेला गोदाक्का, नातू आणि शेळी यांची रांग अशा लेयरने लावलेली आहे. नातवाचे केस आम्ही पाचव्या भागानंतर कापले, तेव्हा पुढच्या सगळ्या पानांच्या कडेचा नमुना एकदम बदलला. या लेयरवर थेट चित्र काढता येत नाही, आणि दोन्ही फायली एकाच फोल्डरात ठेवणे शहाणपणाचे, नाहीतर दुव्याचा पत्ता चुकतो. पाने, श्रेयनामावली आणि सीबीझेड किंवा ईपब अशा डिजिटल पुस्तकांच्या स्वरूपात निर्यात सांभाळणारे एक कॉमिक-व्यवस्थापकही क्रिटात आहे. छापील पुस्तकाच्या वळणाने पाने करणाऱ्यांना ते आवडेल. आमच्या उभ्या पट्टीच्या कॉमिकला त्याचा फारसा उपयोग झाला नाही.

आता उणिवा. सर्वांत मोठी उणीव अशी की क्रिटा हे मुळात एका माणसाने एका वेळी वापरायचे सॉफ्टवेअर आहे. दोघांनी एकाच वेळी एका कॅनव्हासवर काढण्याची, चित्राच्या कोपऱ्यात शेरा लिहून ठेवण्याची किंवा कोणी काय बदलले हे पाहण्याची कोणतीही सोय त्यात नाही. वर जे काही सांगितले ते आम्ही लेयरच्या आधाराने रचलेले जुगाड आहे. आमची फाइल एका सामायिक ऑनलाइन फोल्डरात असते. एका रात्री दोघांनीही ती उघडी ठेवून जतन केली आणि सकाळी फोल्डरात दोन फायली होत्या: एकीत माझ्या निऱ्या, दुसरीत त्याचे शेरे. दोन्ही उघडून एकीतले लेयर दुसरीत चिकटवता आले म्हणून काम वाचले, पण त्या दिवशी आम्ही नियम केला. फाइल उघडण्याआधी 'किल्ली माझ्याकडे' असा निरोप टाकायचा आणि बंद केल्यावर 'किल्ली ठेवली' असा. किल्ली नसताना फाइल उघडायचीच नाही.

त्याच्या जुन्या लॅपटॉपचाही विचार करावा लागतो. ४००० बाय ३००० पिक्सेलचा एक पूर्ण भरलेला लेयर साध्या ८ बिट रंगखोलीत (रंगाच्या छटा किती बारकाईने नोंदल्या जातात त्याचे माप) सुमारे ४८ एमबी स्मृती घेतो. १६ बिट केली की ती दुप्पट होते. कॉमिकच्या सपाट रंगांना १६ बिटची गरज नसते, तेव्हा नवी फाइल करतानाच ती निवड नीट पाहावी. फाइल किती स्मृती घेते आहे ते खालच्या पट्टीवर दिसते. जेवणाच्या सुट्टीत फोनवरून फाइल पाहायची असेल तर सहकारी एक युक्ती करतो: केआरए ही क्रिटाची स्वतःची फाइल म्हणजे आतून झिप असते, तिच्या नावाच्या शेवटचे .kra बदलून .zip केले आणि ती उघडली की आत संपूर्ण चित्राची तयार पीएनजी मिळते. क्रिटाची अँड्रॉइड आवृत्ती आहे, पण ती टॅब्लेट आणि क्रोमबुकसाठी आहे, फोनसाठी नाही. आयपॅडवर क्रिटा नाहीच, त्यामुळे तुमचा जोडीदार आयपॅडवर काढणारा असेल तर हा लेख इथेच सोडून दिला तरी चालेल.

संवाद लिहिण्यासाठी मी क्रिटा वापरत नाही. ५.२ मध्ये मजकूर मांडण्याची अंतर्गत यंत्रणा नव्याने केली गेली, तरी अक्षरे लिहायला वेगळी खिडकी उघडावी लागते आणि फुग्यात ओळ कशी बसते हे लिहिता लिहिता दिसत नाही. देवनागरीला वर वेलांट्या-मात्रा आणि खाली उकार लागतात, म्हणून ओळींमधले अंतर रोमनपेक्षा जास्त ठेवावे लागते आणि फुगा सारखा हलवावा लागतो. ते काम आम्ही इंकस्केप या रेखाचित्रांच्या सॉफ्टवेअरमध्ये करतो, तेही मोफत आहे. अक्षरांसाठी मुंबईच्या 'एक टाइप' (Ek Type) या संस्थेचा 'बालू' हा टंक वापरतो. यात एक अनपेक्षित लाभ झाला: संवाद बसवण्याचे काम सहकारी स्वतः करतो, आणि फुग्यात न मावणारी वाक्ये आता त्याची त्यालाच छाटावी लागतात.

दुसरे पर्यायही पाहिले. जपानच्या सेल्सिस कंपनीचे क्लिप स्टुडिओ पेंट कॉमिक करणाऱ्यांमध्ये फार चालते. त्याच्या ईएक्स आवृत्तीत अनेक पानांची व्यवस्था आहे, हवी तशी वळवता येणारी त्रिमित मानवाकृती आहे, आणि ते आयपॅडवरही मिळते. व्यवसाय म्हणून कॉमिक करायचे असेल तर मी त्याचाच विचार करेन. मॅग्मा ब्राउझरमध्येच चालते आणि त्यात अनेकजण एका वेळी काढू शकतात, एकमेकांना शेरे देऊ शकतात. ड्रॉपाइल हे मुक्त सॉफ्टवेअरही एकाच कॅनव्हासवर अनेकांना काढू देते. पात्राची अगदी पहिली, कच्ची रेखाटने करताना आम्ही एक-दोनदा ड्रॉपाइलवर बसलो आणि तासाभरात वीस म्हातारे चेहरे काढून टाकले, त्यातले चार त्याच्या माउसचे. तिथून पुढचे घासकाम, जिथे एकाने रात्री विचार करून दुसऱ्याने सकाळी उत्तर द्यायचे असते, त्यासाठी मला क्रिटाची संथ रीत जास्त मानवते. पूर्ण क्रिटावर उभे राहिलेले काम पाहायचे असेल तर 'पेपर अँड कॅरट' (Pepper&Carrot) हे २०१४ पासून चाललेले वेबकॉमिक पाहावे. त्याच्या लेयरसकट मूळ फायली सर्वांसाठी खुल्या आहेत, आणि एखाद्या मुरलेल्या चित्रकाराने लेयर कसे लावले आहेत ते उलगडून पाहण्यात माझे दोन रविवार गेले.

ज्यांना क्रिटा फुकट घ्यायचे आहे त्यांनी ते अधिकृत संकेतस्थळावरूनच उतरवावे. स्टीम आणि मायक्रोसॉफ्ट स्टोअरवर तेच सॉफ्टवेअर पैसे देऊन मिळते. ते पैसे पुढच्या विकासाला जातात आणि नव्या आवृत्त्या आपोआप येतात. मी सहा महिने फुकट वापरल्यावर स्टीमची प्रत घेतली. दोघेही एकाच आवृत्तीवर आहेत ना, एवढे मात्र अधूनमधून पाहून घ्यावे.

सध्या शेळी चालू आहे. मी ती काढली परदेशी फोटोंवरून, ताठ कानांची आणि पांढरी. काल रात्री लाल खुणेचा लेयर आला: कान खाली लोंबते, अंग काळे, आणि शेजारी माउसने लिहिलेले 'उस्मानाबादी!' फाइल नववी आहे, आणि किल्ली अजून त्याच्याकडेच आहे.